तिसरी उणीव

वर्षाराणी मगदूम सिस्टर तहानेल्या पेशंटला पाणी देत नाहीत, अशी त्यांची मिरजेत ख्याती होती. गंमत म्हणजे ती ख्याती ऐकूनच लोक लांबलांबून आपली माणसं घेऊन त्यांच्या वॉर्डात येत.

"अहो बाई, माणूस आहात की कोण?" जयसिंगपूरहून आलेली एक बाई त्या दिवशी भर वॉर्डात ओरडली. तिचा नवरा एसटीचा ड्रायव्हर, उजवी बाजू गेलेली, अर्धा तास पाणी पाणी करत होता. "तहानेनं जीव चाललाय त्यांचा, आणि तुम्ही नुसत्या बघत उभ्या!"

"तांब्या त्यांच्या हाताशी आहे," वर्षाराणी म्हणाली. "हात त्यांचा आहे. तहानही त्यांचीच आहे. मी मध्ये कशाला येऊ?"

बाईनं पदर खोचला आणि तांब्याला हात घातला, तशी वर्षाराणीनं तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. शेवटी ड्रायव्हरनंच एक शिवी हासडून उजव्या हातानं तांब्या उचलला. अर्धं पाणी छातीवर सांडलं, अर्धं पोटात गेलं. मग स्वतःच्या हाताकडं बघून तो गडी पोरासारखा रडायला लागला. बायको सिस्टरच्या पाया पडायला वाकली.

"पाया काय पडताय? त्यांची बंडी भिजलीय," वर्षाराणी म्हणाली. "नाही, थांबा, तुम्ही नका बदलू. ते बदलतील."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई दगड होती. मुळीच नाही. ती शास्त्र पाळत होती, आणि ते शास्त्र खरं होतं, हीच तर पंचाईत आहे.

पक्षाघातात मेंदूचा एक तुकडा मरतो. त्याच्या आजूबाजूचा भाग जिवंत असतो, फक्त गांगरलेला असतो. त्याला काम दिलं तर तो मेलेल्या तुकड्याचं काम हळूहळू शिकून घेतो. नाही दिलं तर काही आठवड्यांत तो हात असल्याचंच विसरतो. घरचे लोक प्रेमानं भरवतात, प्रेमानं उचलतात, आणि प्रेमानंच माणूस कायमचा लुळा करून ठेवतात. हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. या घटकेला या माणसाला नेमकं किती जमेल, एवढंच कुणाला सांगता येत नव्हतं.

ते यंत्रानं सांगितलं. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण सगळा वॉर्ड त्याला काटा म्हणायचा. मनगटाला एक पट्टा आणि कपाळावर कागदासारखी पातळ पट्टी. हात हलवायच्या आधी मेंदूत जो संदेश उठतो तो पट्टी टिपायची, आणि तो स्नायूपर्यंत कितपत पोचला ते पट्टा सांगायचा. झोपेत माणूस कूस बदलतो, नाक खाजवतो, तेही मोजलं जायचं, त्यामुळे जागेपणी एखाद्यानं हलायचं नाही असं ठरवलं तरी काट्याला त्याची ताकद कळायचीच. मग खाटेवरच्या पडद्यावर प्रत्येक कामापुढं दिवा लागायचा. लाल असेल तर सिस्टरनं करायचं, पिवळा असेल तर आधार द्यायचा, हिरवा असेल तर हात लावायचा नाही. हिरव्याला मदत केली की तिचं नाव 'अतिसेवा', आणि अतिसेवेला विम्याची कंपनी एक रुपया देत नसे. माणसं काठीशिवाय चालत घरी जाऊ लागली. कोण नावं ठेवणार?

काटा नवा होता, पण त्याच्यामागचा विचार जुना. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला स्वसेवेचा सिद्धांत शिकवतात. माणूस निरोगी असताना स्वतःची काळजी स्वतः घेतो. आजारात गरज वाढते आणि ताकद कमी पडते. या दोहोंत जेवढी उणीव, तेवढंच सिस्टरचं काम. बहुतेक मुली हे परीक्षेपुरतं पाठ करतात आणि नोकरी लागल्यावर विसरतात. वॉर्डात सिद्धांत कोण विचारतो, सलाईन लावता आली पाहिजे. वर्षाराणी विसरली नव्हती. दर गुरुवारी ती कॉलेजात जाऊन हाच धडा शिकवायची आणि जीव ओतून शिकवायची.

"उणीव तीन तऱ्हेची असते," ती सांगायची. "पहिली, अंगात बळ नसतं. दुसरी, कसं करायचं ते कळत नसतं. आणि तिसरी, बळ असतं, कळतही असतं, पण मनात उभारीच नसते."

"मग तो आळस झाला ना, मॅडम?" दरवर्षी कुणीतरी विचारायचीच.

"आळस म्हणायचा अधिकार शेजारणीला आहे, सिस्टरला नाही. आपण तिलाही उणीवच म्हणायचं आणि तीही भरायची."

काट्याला पहिल्या दोन उणिवा मोजता येत. तिसरीसाठी त्यात दिवाच नव्हता. "पुढच्या मॉडेलमध्ये बघू, मॅडम," असं कंपनीचा माणूस हसून म्हणाला होता. रुग्णालयानं मात्र एक पळवाट ठेवली होती. राउंडच्या वेळी प्रभारी सिस्टरनं सगळ्यांसमोर 'तिसरी उणीव' एवढं म्हटलं, की पेशंटचा काटा दोन महिने बंद व्हायचा आणि त्याला मागच्या चिंचेखालच्या विश्रामकक्षात खाट मिळायची. तिथं सगळं हातात मिळे, कुणी जमतंय का म्हणून विचारत नसे. पण ते शब्द कुठल्याच सिस्टरनं आजवर उच्चारले नव्हते. वॉर्डाचा निकाल खाली आला असता ना!

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी वर्षाराणीची सासू पडली.

शालन मगदूम. सांगलीकडच्या जैन घरातली, सहासष्ट वर्षांची. सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडं रीत. सासरे आण्णा, त्यांचा सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम. तो नेम त्यांनी जन्मभर पाळला, म्हणजे शालननं पाळला, कारण उन्हं कलायच्या आत ताट पुढं यायला चुलीपुढं बसणारं कुणीतरी लागतं. त्याच गडबडीत, तव्यावर भाकरी असताना ती कोसळली. उजवी बाजू गेली आणि तिला सुनेच्याच वॉर्डात आणलं.

पहिले काही आठवडे सगळे दिवे लाल होते. खरेच लाल होते, त्यात खोटं काही नव्हतं. सिस्टर तिला भरवत. वॉर्डातली हौसा मावशी तिला ऊन पाण्यानं न्हाऊ घाले, केसांना तेल चोळी. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. शालन खुलली. वाकडं तोंड घेऊन का होईना, पण गाणं गुणगुणायला लागली. "हौसा, जरा मानंवर चोळ गं," म्हणायची आणि डोळे मिटून पडून राहायची. इतक्या वर्षांत वर्षाराणीनं तिला दिवसाउजेडी डोळे मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी पाण्यापुढचा दिवा हिरवा झाला. दोन दिवसांत जेवण हिरवं झालं, मग वेणीफणी. शालनचा हात मात्र जागचा हलेना. पांघरुणावर जिथं ठेवला तिथं पडून राही. डॉक्टर शिकलगार चक्रावले. कंपनीचा माणूस येऊन काटा उघडून बघून गेला. यंत्रात खोट नव्हती.

जुन्या सिस्टरांना यासाठी यंत्र लागत नाही. लुळा हात पेशंटच्या तोंडावर धरायचा आणि सोडून द्यायचा. खरंच मेलेला हात थाडकन नाकावर आपटतो. दुपारी शालनचा डोळा लागल्यासारखा वाटला तेव्हा वर्षाराणीनं तिचा हात उचलला आणि सोडला. हात अलगद बाजूला, उशीवर उतरला. तिनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

"आत्या, हात चालतोय तुमचा."

शालननं डोळे उघडले. घाबरलेली नव्हती ती.

"चालतोय गं. चालतोय म्हणून काय झालं?"

"मग हलवत का नाही?"

"हलवला की घरी धाडशीला." शालन छताकडं बघत बोलत होती. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीम्होरं बसले, ती परवा पडले तवाच उठले. आन् पडल्यावर ह्यांनी पयलं काय म्हटलं ठावं हाय? 'भाकरी करपतीया बघ.' मी खाली पडलीया आन् ह्यांना भाकरी दिसतीया."

वर्षाराणीला ते ठाऊक होतं. ती तेव्हा घरातच होती.

"मला न्हाऊ घातलं ते आईनं, आन् आता ह्या हौसानं. मधी कुणी न्हाई." शालननं मान वळवली. "तू पोरींना शिकवतीस न्हवं, मनाचं बी दुखणं आसतंय म्हणून? मागं तूच सांगत हुतीस सैपाकघरात. ते माझ्या नावावर घाल. दोन म्हयनं गं. जास्त न्हाई मागत. मग हाय की समदं, करायचंच हाय."

"बघते, आत्या."

"बघू नगंस. देतीस का न्हाई ते सांग."

तिनं शिकवलेल्या धड्याचं असं शुद्ध उदाहरण तिला उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं. "देते," ती म्हणाली. "उद्या राउंडला सांगते. शब्द दिला." आणि तिनं तो मनापासून दिला होता, हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

ड्यूटी संपवून ती घरी पोचली तर आण्णा पाटावर बसून पश्चिमेकडं बघत होते. समोर रिकामं ताट.

"सूर्य काही थांबत नसतो, वर्षा," ते म्हणाले.

तिनं चपला काढल्या तशी परातीत पीठ घेतलं. भाकऱ्या कडेला फाटल्या, एक करपली. आण्णांनी करपलेली बाजूला सारली. मोरीत भांड्यांचा ढीग होता. भांड्याला येणारी सुमन भांडी घासायची, पण कट्टा आवरायला, डबे भरायला, दूध तापवायला आजवर शालन होती.

"आईला कधी आणायचं?" नवरा भरतेश जेवता जेवता म्हणाला.

"आणखी दोन महिने तरी लागतील. तोवर तुम्ही भाकरी शिका की, अहो."

भरतेश हसला. कुत्सित नव्हे, अगदी निर्मळ हसला. "मी आणि भाकरी? माझा हात चालत नाही त्यात."

"काट्यावर घालून बघायला पाहिजे तुमचा हात."

"चेष्टा राहू दे, वर्षा. दोन महिने असं नाही चालणार. आण्णांचं वय बघ. तू रजा घे मग. सासू तुझी, वॉर्ड तुझा, तुला कोण नाही म्हणतंय?"

रजा! तिची रजा म्हणजे प्रभारी सिस्टरची खुर्ची दुसरीला. ती खुर्ची मिळवायला तिला अठरा वर्षं लागली होती. आणि त्या अठरा वर्षांत पहाटे उठून तिचा गरम डबा कुणी भरला होता? रात्रपाळीहून आल्यावर तिच्या पुढ्यात चहा कुणी ठेवला होता? जगाला स्वसेवा शिकवणाऱ्या वर्षाराणीची स्वतःची उणीव आत्यानं भरली होती, न मोजता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे तिला परातीपुढं बसून लख्ख कळलं, आणि कळल्यावर माणूस सुधारतो असं जे म्हणतात ते साफ खोटं आहे. ती घाबरली, बस्स.

दुसऱ्या दिवशी राउंड आला. आण्णा आणि भरतेश मुद्दाम आले होते. शालन उशीला टेकून बसलेली. हौसानं सकाळीच तिची वेणी घातली होती.

"काटा हिरवा, हात बंद," डॉक्टर शिकलगार म्हणाले. तो भला माणूस होता. "सिस्टर, मला तर ही तुमची ती तिसरी उणीव वाटतेय. तुम्ही नुसतं म्हणा, मी विश्रामकक्षात खाट सांगतो."

म्हणजे बघा, दार कुणी लावलं नव्हतं. उलट उघडून धरलं होतं.

वर्षाराणी खाटेजवळ गेली. तिनं शालनचा उजवा हात हातात घेतला. शालननं तो मोठ्या विश्वासानं सैल सोडला. तिला वाटलं, सून आता डॉक्टरांना हात दाखवून आपलं सांगणार. वर्षाराणीनं हात बरोबर तिच्या तोंडावर आणला आणि सोडला.

हात उशीवर उतरला.

"पुन्हा दाखवते," वर्षाराणी म्हणाली, आणि तिनं पुन्हा दाखवलं. शालननं यावेळी हात तोंडावर पाडायचा जिवापाड प्रयत्न केला. पण शरीर स्वतःच्या नाकाला जपतंच. हात पुन्हा बाजूला गेला.

"पेशंटची क्षमता पूर्ण आहे," वर्षाराणी खणखणीत आवाजात म्हणाली. "समजही पूर्ण आहे. इथून पुढं मदत केली तर ती अतिसेवा होईल. घरी पाठवायला हरकत नाही."

पहिले हसले ते आण्णा. "अगं तुझ्या! सोंग! एवढी वर्षं संसार केला, मला वाटायचं हिला काहीच येत नाही. नाटकात घालायला पाहिजे होती हिला!" मग भरतेशही हसला, सुटका झाल्यासारखा. "काय आई तू पण!"

शालन रडली नाही. सुनेकडं तिनं एकदा पाहिलं, मग उजव्या हातानं स्वतःच पांघरूण ओढून तोंडावर घेतलं. काट्याच्या पडद्यावर पांघरुणापुढचा दिवा हिरवा झाला.

वर्षाराणीचं कौतुक झालं. घरच्या माणसाबाबतसुद्धा सिस्टर डगमगल्या नाहीत, असं अधीक्षकांनी सभेत बोलून दाखवलं. पुढच्या गुरुवारी वर्गात एका मुलीनं आळसाचा तो नेहमीचा प्रश्न विचारला. "तिसरी उणीव परीक्षेला येत नाही," वर्षाराणी म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

घरी काट्याचा छोटा संच आला, हाताच्या ताकदीचा आकडा रोज भरतेशच्या फोनवर. आणि आण्णा त्या शास्त्राचे मोठे पंडित झाले. जन्मात त्यांनी बायकोच्या कामाला कधी हात लावला नव्हता. आता त्याला आधार मिळाला. महिन्याभरात त्यांनी सुमनला काढून टाकलं. "भांडी दुसऱ्यानं घासली तर हिच्या हाताचं मातेरं होईल. वर्षानंच सांगितलंय." कुणी शालनच्या हातातली कळशी घ्यायला पुढं झालं, की पाटावरून आवाज यायचा, "अतिसेवा!" शेजारणी बिचकून मागं सरत. भरतेश रोज प्रेमानं म्हणायचा, "शाब्बास आई, कालच्यापेक्षा दोननं वाढला."

एकदा वर्षाराणीनं जड कुकर उचलायला हात पुढं केला. शालननं तिच्याकडं न बघता कुकर स्वतःकडं ओढला. "ऱ्हाऊ दे. तुझं शास्तर बुडंल." यापलीकडं ती सुनेशी बोलत नसे. डबा मात्र पहाटे तयार असे, गरम.

दिवाळी झाल्यावर वर्षाराणीला ताप भरला. डेंग्यूचा नव्हता, काही मोठं नव्हतं. थंडीतापाचा साधा आजार, पण अंग ठणकत होतं. ती दिवसभर खोलीत पडून होती. दुपार कलताना शालन पेजेची वाटी घेऊन आली. वाटी ठेवून जाईल असं वर्षाराणीला वाटलं. ती खाटेवर बसली आणि तिनं चमचा भरला.

"ठेवा आत्या, मी घेते. मला जमतंय."

"जमतंय ते ठावं हाय मला. तोंड उघड."

वर्षाराणीनं तोंड उघडलं. पेज ऊन होती, मीठ अगदी बेताचं. शालननं हनुवटीवर ओघळलेला थेंब पदरानं टिपला आणि दुसरा चमचा भरला. आई गेल्यापासून वर्षाराणीला कुणी भरवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काय मागितलं होतं या बाईनं आपल्याकडं, ते तिला आत्ता अंगात कळत होतं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

"आत्या, मी चुकले हो. फार वाईट वागले मी."

"बोलू नगंस," शालन म्हणाली. "सांडतंय."

वाटी संपत आली तेव्हा बाहेरून भरतेशचा आनंदी आवाज आला. "अगं वर्षा, आईचा आकडा बघ कुठं गेला! तुला भरवतेय त्याचाच व्यायाम होतोय. तुझा ताप लाभला बघ आईला!" पाठोपाठ आण्णांचा पाट सरकल्याचं ऐकू आलं. उन्हं भिंतीवरून उतरायला लागली होती. शालन गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्या पायाला कंप होता.

आता बोलायला हवं, वर्षाराणीला कळत होतं. आण्णांचं ताट आज भरतेशला वाढू दे, आत्या, तुम्ही इथं माझ्याशेजारी आडव्या व्हा, एवढंच म्हणायचं होतं. घरात तिचा शब्द शास्त्र होता. ती म्हणाली असती तर दोघांनीही निमूट ऐकलं असतं. शालन दारात थांबली होती. तिनं मागं वळून सुनेकडं पाहिलं.

"आत्या," वर्षाराणी म्हणाली, "अजून थोडी पेज आहे का?"

"हाय," शालन म्हणाली, आणि वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली.